समाईक जावा

16 मे 2021, रविवार. तौक्ते वादळ त्या दिवशी आमच्या किनाऱ्याजवळून वर सरकलं. वेंगुर्ल्यात सकाळपासून माड असे पिंजत होते की बघवत नव्हतं. दुपारी परड्यातला फणस मुळासकट आडवा झाला तो थेट मांगरावर. मांगर जुना, मातीच्या भिंतींचा आणि समाईक. आत फुटके नांगर, गवत, आजीचं मोडकं जातं, आणि जे कोणालाच टाकवत नाही ते सगळं. दुसऱ्या दिवशी फुटके नळे बाजूला काढताना फांदीखालून एक गोल डोळा माझ्याकडे बघत होता. काच शाबूत. जावाचा हेडलाइट.

गाडी तिथे आहे हे घरात सगळ्यांनाच माहीत होतं. 38 वर्षं माहीत होतं. नाव मात्र कोणी काढत नसे.

ती घरात आली 1968 साली. बाबा तेव्हा लालबागला गिरणीत फिटर. काका, म्हणजे बाबांच्या पाठचा भाऊ, गावी. तो काजूच्या कारखान्यासाठी गावोगाव फिरून बी गोळा करायचा. तुळस, मातोंड, होडावडा, वेतोरा, सगळं सायकलवर. हंगाम तो केवढा? मार्च ते मे. तेवढ्यात जो जास्त वाड्या फिरेल त्याला जास्त बी. बाबांनी गिरणीतल्या पैशातले साठवलेले पाठवले, आजोबांनी आंब्याचे घातले, आणि काका कोल्हापुरास जाऊन नवी कोरी जावा घेऊन आला. आंबोली घाट उतरून, सावंतवाडीवरून. एकोणिसाव्या शतकात वेंगुर्ल्याच्या बंदरातून बेळगावच्या छावणीला जो माल जायचा तो याच घाटवाटेने. गाडी वर जाण्याऐवजी खाली आली इतकंच. मी आठ वर्षांचा होतो. मला आठवतो तो टाकीचा तांबडा रंग आणि बाजूचं क्रोम, ज्यात आपलं तोंड रुंद दिसायचं.

जावा मूळची प्रागची. 1929 साली यानेचेक नावाच्या शस्त्रं बनवणाऱ्या कारखानदाराने वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटरसायकलचा आराखडा घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडली, या आणि वा. मराठीत आपण तिला जावा म्हणतो. मुंबईच्या इराणी मंडळींनी ती आधी आयात केली आणि मग 1961 मध्ये म्हैसूरला कारखानाच काढला. आमची गाडी तिथलीच. पुढे 1973 च्या सुमारास नाव येझदी झालं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. दोन सायलेन्सर असल्यामुळे लोकांना वाटायचं इंजिनही दुहेरी आहे. नाही. सिलिंडर एकच, 250 सीसीचा. एकाच तोंडाने खाऊन दोन नाकांनी धूर सोडणारा. आणि किक आणि गिअरचा दांडा एकच! दांडा आत दाबून मागे फिरवला की किक, गाडी सुरू झाली की पुढे पाडून तोच गिअर. काकाला हे दाखवायला फार आवडायचं. वाडीतली माणसं बघायला यायची आणि काका जादूगारासारखा दांडा फिरवायचा.

पंधरा वर्षं गाडी चालली. काजूबीच्या गोणी, बाळंतिणी, एकदा एक नवरामुलगा, कोणाच्या तरी म्हशीचं औषध. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घालावं लागायचं, ते काम माझं. त्या धुराचा वास म्हणजे माझ्यासाठी मे महिना.

मग 18 जानेवारी 1982. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्यातले कोकणातले किती हे मोजायला बसायची गरज नाही. आमच्या वाडीत त्या पावसाळ्यात ज्या घरात एरवी म्हातारी एकटी असायची तिथे पुरुषमाणसं दिसू लागली, एवढं पुरे. बाबा आषाढात आले. महिनाभर राहू, संप मिटला की जाऊ, असं म्हणत आले. संप मिटला असं कोणी कधी सांगायला आलंच नाही.

एका घरात दोन भाऊ. एकाकडे धंदा आहे, एकाकडे नाही. बाबांनी ठरवलं की सावंतवाडीच्या बाजारात सुकी मासळी न्यायची. त्यासाठी गाडी हवी. काका म्हणाला, हंगामात कशी देऊ? कोण काय बोललं ते मी ऐकलंय, पण इथे लिहिणार नाही. एवढंच सांगतो की एक म्हणाला, "पैशे माझे." दुसरा म्हणाला, "नाव माजा." 1983 च्या चतुर्थीआधी बाबांनी गाडीची किल्ली काढून खिशात घातली. काकाने नोंदणीचं पुस्तक आपल्या ट्रंकेत टाकलं. गाडी मांगरात गेली. दुसऱ्या वर्षी पडवीच्या मधोमध चिऱ्याची भिंत आली, आणि मी चुलतभावांशी बोलायचा बंद झालो. कोणी सांगितलं नव्हतं. आपोआप.

समाईक या शब्दाचा अर्थ शहरातल्या वाचकाला सांगायला हवा. आमच्या सातबारावर 27 नावं आहेत, त्यातली काही माणसं मी पाहिलेलीही नाहीत. वस्तू सगळ्यांची असली की ती वापरायला सगळ्यांची परवानगी लागते आणि मोडायला कोणाचीच लागत नाही. कोकणात किती घरं अशी बसली! नळे परतायचे तर खर्च कोणी करायचा, आणि केला तर उद्या तो हक्क सांगेल. त्यापेक्षा गळू दे. गाडीचंही तेच झालं. बाबा 2004 मध्ये गेले, काका 2011 मध्ये. गाडी दोघांच्याही पाठीमागे उभीच.

वादळानंतर ती उघड्यावर आली आणि पाऊस तर तोंडावर. मी शाळेतून निवृत्त झालेला, हातात वेळ. ताडपत्री टाकायला गेलो तर पलीकडून चुलतभाऊ तेच करायला आलेला. ताडपत्री त्याची मोठी होती. एक टोक मी धरलं. बोललो काही नाही.

मेस्त्री मिळाला बंदरावर. आयुष्यभर होड्यांची यंत्रं दुरुस्त केलेला. खाऱ्या हवेने लोखंडाचं काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्याने किक दाबून पाहिली. दांडा दगडासारखा. "पिस्टन धरलोहा," म्हणाला. प्लग काढला, भोकातून डिझेल आणि ऑइल ओतलं आणि म्हणाला, "आता इसार." मला कुठचं विसरायला होतंय! रोज सकाळी गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक पुढे-मागे हलवायचो. बाराव्या दिवशी चाक अर्धं बोट जास्त गेलं. त्या अर्ध्या बोटाने मला जेवढा आनंद झाला तेवढा पेन्शनच्या पहिल्या हप्त्याने झाला नव्हता.

टाकी गंजाने भरलेली. मेस्त्रीने बाजारातलं रसायन नको म्हटलं. परड्यातल्या बिंबलांचा रस काढला, टाकीत ओतला, सायकलच्या जुन्या साखळीचे तुकडे टाकले आणि आम्ही दोघं टाकी धरून रवी घुसळावी तशी घुसळत बसलो. बिंबलं आंबट जहर. आमच्याकडे पितळेची भांडी त्याने लखलखीत होतात. चौथ्या दिवशी आतून पांढरं लोखंड दिसलं. लगेच सोड्याने धुवून ऑइल फिरवलं, नाहीतर रातोरात पुन्हा तांबूस होतं.

सिलिंडर मात्र आतून खड्डे पडलेला. तो घेऊन मी कोल्हापुरास गेलो, एस.टी.ने, फणसाच्या गोणीत गुंडाळून. कंडक्टरने विचारलं काय आहे, मी म्हटलं फणस. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनं आणि उसाचे चरक घडवता घडवता पिढ्या झालेल्या आहेत. तिथल्या लेथवरच्या माणसाने बोट आत फिरवलं आणि न मोजता सांगितलं किती बोअर करावा लागेल. मग मोजलं. तेवढाच. पिस्टन पुढच्या मापाचा बसवला. ऑइल सील एका दुकानातून आणले ते पहिल्याच खेपेला फाटले. दुकान कुठलं ते सोडा, मीच घाई केली होती. दुसरे पुण्याच्या नाना पेठेतून मागवले. टू-स्ट्रोकचं पोट हवाबंद लागतं. सील गेला की इंजिन एकतर सुरूच होत नाही, नाहीतर गिअरचं ऑइल ओढून धूर ओकतं. कार्बोरेटरच्या जेटमध्ये मी तार घालायला गेलो तर मेस्त्रीने हातावर मारलं. "भोक मोठा व्हतला. फुंकर घाल." मी माझ्या विद्यार्थ्यांना असं कधी मारलं नव्हतं!

पैसे कोणी दिले, हा प्रश्न भिंतीपलीकडे चर्चेत असणार हे मला माहीत होतं. मी प्रत्येक पावती एका डब्यात ठेवली आणि डबा पडवीत उघडा ठेवला. हिशेब बघायचा त्याने बघावा.

वायरी उंदरांनी खाल्लेल्या, त्या नव्या ओढल्या. सहा व्होल्टची बॅटरी बसवली. 2022 ची तुळशीची लग्नं जवळ आली होती. आता किल्ली. बाबांच्या ट्रंकेत, त्यांच्या गिरणीच्या पासासोबत, ती रुमालात बांधलेली सापडली. मी ती दोन हातांनी मेस्त्रीला दिली. तो हसायला लागला. "मास्तर, ह्या गाडयेक किल्ली कित्याक होयी?" त्याने खिशातून खिळा काढला, वायच घासला आणि हेडलाइटवरच्या भोकात खुपसला. लाल दिवा लागला.

त्या जावाची किल्ली म्हणजे खरंच एक खिळाच असतो, डोकं असलेला. तिला दात नसतात, खाचा नसतात. कोणत्याही गाडीची किल्ली कोणत्याही गाडीला. चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायचं. म्हणजे काकाला ठाऊक होतं. आणि गिरणीत यंत्रांच्या पोटात हात घालून आयुष्य काढलेल्या बाबांना ठाऊक नसेल?

मी तसाच भिंतीपलीकडे गेलो. किती वर्षांनी ते मोजलं नाही. काकी ओट्यावर सोलं निवडत बसली होती, आता 84 वर्षांची. मी खिळा पुढे धरला.

"काकी, काकाक ह्या म्हायत हुता?"

तिने खिळ्याकडे पाहिलंही नाही. "म्हायत हुता. पयल्या दिसापासून म्हायत हुता."

"मगे गाडी चालवक कित्याक नाय?"

"थोरलो भाव किल्ली खिशात घालून गेलो. म्हणजे नको म्हणान सांगलो ना? मगे खिळो कसो घालतले?" थोडं थांबून म्हणाली, "सायकल काढल्यानी परत. त्या वर्सा बी कमीच गावली." मग उठून आत गेली आणि मेणकापडात गुंडाळलेलं पुस्तक घेऊन आली. मी मागितलं नव्हतं.

पुस्तकावर शिक्का रत्नागिरीचा. आमचा सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी, म्हणजे गाडी जिल्ह्यापेक्षा तेरा वर्षांनी थोरली. 2021 च्या जुलैत केंद्राने 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी विंटेजचा वेगळा नियम काढला होता. चुलतभावाच्या मुलाने तो मोबाइलवर वाचून दाखवला: ती गाडी रोज रस्त्यावर आणायची नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. म्हणजे मासळी आणायला नेली तर गुन्हा. चुलतभाऊ म्हणाला, "मगे ती गणपतीसारकी मखरात बसव." त्याने माझ्याकडे बघून बोललेलं हे पहिलं वाक्य.

म्हणून साधाच मार्ग धरला. मृत मालकाच्या नावावरून वारसाच्या नावावर, नमुना 31, मग नूतनीकरण. वारस काकाचे तिघे: हा इथला, एक डोंबिवलीला, बहीण म्हापशाला. काकी चौथी. इतरांची संमती हवी. डोंबिवलीच्या भावाने फोनवर विचारलं, "तुझा काय फायदा?" मी म्हटलं, काही नाही, नाव तुमच्यातल्याच एकाचं लागणार आहे. तो बराच वेळ गप्प होता. चार दिवसांनी सही केलेला कागद कुरियरने आला, आत बाबा आणि काका दोघं गाडीवर बसलेले असा एक फोटो. बाबा मागे. मी तो कधी पाहिला नव्हता.

ओरोसला तपासणीला नेताना गाडी टेम्पोत घातली. कारकुनाने चासी नंबर घासून काढायला सांगितला आणि मग स्वतःच उठून गाडी बघायला खाली आला. त्याच्या मागून आणखी तिघे.

पहिल्यांदा सुरू झाली ती मात्र आमच्या खळ्यात, कागद व्हायच्या कितीतरी आधी. सतराव्या की अठराव्या किकला. एवढा पांढरा धूर झाला की शेजारच्यांना वाटलं काजीचा पाला पेटवलाय. मग तो आवाज, टुक-टुक-टुक, दोन्ही बाजूंनी. काकीने पदर नाकाला लावला आणि चुलतभावाला ओरडली, "बंद कर रे ती, वास येता!" पण ओट्यावरून हलली नाही.

आता गाडी त्याच्या नावावर आहे. बाबांची किल्ली मी त्याला द्यायला गेलो तर घेतली नाही, म्हणाला तुझ्याकडेच असू दे. तो खिळ्यावर चालवतो. टाकीला अजून एका जागी पाझर आहे, तिथे साबण लावलाय. परवा शिरोड्याला गेला होता. संध्याकाळी फोन वाजला. मोचेमाडच्या चढावर उभी राहिली होती.

"दादा, प्लगपानो घेवन ये. नि येताना वायच पेट्रोल आण. ऑइल मिसळूक इसरा नको."