दोन भाषांची कसोटी

घरात मराठी आणि शाळेत कन्नड, गुजराती, हिंदी किंवा तेलुगू, असे बालपण आपल्यापैकी अनेकांनी काढले आहे. त्यामुळे मानसशास्त्राच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्याला घरचेच वाटेल.

१९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने व तेओदोर सिमाँ यांनी अभ्यासात मागे पडणारी मुले ओळखण्यासाठी एक प्रश्नमाला तयार केली. अशा मुलांना वेगळे शिक्षण मिळावे, हा हेतू. १९१६ साली अमेरिकेत लुइस टर्मन यांनी तिची स्टॅनफर्ड आवृत्ती केली. त्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठात नरेंद्रनाथ सेनगुप्त यांच्या हाताखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. म्हैसूरचा विभाग १९२४ चा.

आता विषय शिकवला जाऊ लागला; पण मुलाला प्रश्न कोणत्या भाषेत विचारायचा? टर्मनच्या आवृत्तीत नऊ वर्षांच्या मुलाला यमके जुळवायची असत आणि सेंटांमधील मोडीचा हिशेब करायचा असे. इंग्रजी यमकाचे भाषांतर होत नाही, आणि आपला रुपया तेव्हा सोळा आण्यांचा होता. असा प्रश्न जसाच्या तसा विचारला, तर बुद्धीऐवजी इंग्रजीचीच परीक्षा होते.

तेव्हाच्या मुंबई इलाख्यात व्ही. व्ही. कामत यांनी हे काम हाती घेतले. कन्नड आणि मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी बिने श्रेणीची त्यांनी केलेली सुधारित आवृत्ती १९३४ साली, तर भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरचे त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. 'बिने-कामत' चाचणी आजही वापरात आहे. एवढ्या जुन्या मोजपट्टीवर आजच्या मुलाला मोजावे लागते, ही मात्र अभिमानाची गोष्ट नव्हे. ते काम अपुरे राहिले आहे.

तुमच्या घरातील मुलगा वा मुलगी मानसशास्त्र घेऊ म्हणाली, तर 'पुढे काय?' या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. बी.ए., एम.ए. नंतर शाळेतील समुपदेशन, उद्योगांतील निवड व प्रशिक्षण, संशोधन, अध्यापन हे मार्ग आहेत. रुग्णांसाठी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ व्हायचे, तर मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रम आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, नुसती एम.ए. पुरत नाही. औषधे लिहून देणारा मनोविकारतज्ज्ञ वेगळा, तो आधी डॉक्टर होतो. हा फरक प्रवेशाआधीच समजून घ्यावा.

चाचणीतून आलेल्या आकड्यावर मुलाची शाळा ठरू शकते, दाखला ठरू शकतो. घरची भाषा न कळणाऱ्याने तो आकडा काढला, तर हुशार मूलही मंद ठरेल. दोन भाषांत वाढलेला अभ्यासक ही चूक वेळीच ओळखू शकतो. घरातील मराठी आपण नुसत्या जिव्हाळ्यापोटी जपत आलो. या विद्येत ती कामाचे हत्यार आहे.