घरगुती दप्तर

घरगुती दप्तर म्हणजे जमीन, घर, जन्म, शिक्षण, जात, नोकरी व देणे-घेणे यांसंबंधी एखाद्या कुटुंबाने जपून ठेवलेला कागदपत्रांचा संग्रह. 'दप्तर' हा शब्द आज मुख्यतः शाळकरी मुलांच्या पिशवीसाठी वापरला जात असला, तरी नोंदींचा संग्रह हाच त्याचा जुना अर्थ होय. विदर्भात, उदाहरणार्थ नागपूर जिल्ह्यातील कळमेश्वर तालुक्यात, असे दप्तर लावताना प्रदेशाचा प्रशासकीय इतिहास लक्षात घ्यावा लागतो.

पार्श्वभूमी

पेशवेकालीन कागद कापडी रुमालात बांधून ठेवले जात. वि. का. राजवाडे यांनी प्रकाशित केलेल्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांपैकी पुष्कळशी जुन्या घराण्यांच्या अशाच दप्तरांतून मिळाली.

कळमेश्वरचा परिसर १९५० पर्यंत मध्य प्रांत व वऱ्हाडात आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता. त्यानंतर तो द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली. त्यामुळे येथील जुन्या पेट्यांत बंदोबस्त मिसल, १९५४-५५ चा अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक अशी पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित वाटणारी कागदे आढळतात. विसाव्या शतकाच्या आरंभी जिल्ह्यात नागपूर, रामटेक, उमरेड व काटोल अशा चारच तहसिली होत्या. कळमेश्वर हा स्वतंत्र तालुका नंतरचा. जुन्या कागदावर दुसऱ्याच तहसिलीचे नाव दिसले म्हणून तो निरुपयोगी समजू नये. उलट, मूळ नोंद कोठे शोधावी हे त्यावरूनच कळते.

ठेवण्याचा निकष

कागद जुना आहे की नवा, यापेक्षा तो पुन्हा मिळू शकेल का आणि त्यावाचून कोणता हक्क अडेल, हे दोन प्रश्न महत्त्वाचे आहेत. चालू महिन्याचे वीजबिल पुन्हा मिळते. पणजोबांच्या नावाचा शाळेचा उतारा मूळ नोंदवही जीर्ण झाल्यास मिळत नाही. प्रत्यक्षात मात्र घरोघरी वीजबिलांच्या चळती राहतात आणि वाचता येत नाही म्हणून मोडी लिपीतला कागद रद्दीत जातो.

जातीचे व वंशावळीचे पुरावे

दप्तराचा खरा कस येथे लागतो. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्रासाठी पुढील दिनांकांपूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा पाहिला जातो: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. अर्जदार बहुधा या दिनांकांनंतर जन्मलेला असल्याने पुरावा वडील, आजोबा किंवा पणजोबा यांचा लागतो. शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद आणि महसुली अभिलेख ही त्याची नेहमीची साधने आहेत. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातील व्यक्तीचे जात वैधता प्रमाणपत्रही महत्त्वाचे ठरते.

हा पुरावा पितृकुळातून येत असल्याने विवाहित स्त्रीला माहेरचे कागद लागतात. वाटणीनंतर पेटी बहुधा एकाच भावाकडे राहते आणि बहिणीच्या हाती काहीच उरत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशाची मुदत तोंडावर आली, की ही उणीव उघड होते. प्रत्येक शाखेने, मुलींसह, प्रमाणित नकला वेळीच काढून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये नेमलेल्या न्या. संदीप शिंदे समितीच्या कामानंतर जुन्या नोंदींचे मोल सर्वत्र चर्चेत आले.

जमीन व घर

सातबारा उतारा महसुली नोंद आहे. तो मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. मालकीची साखळी खरेदीखत, वाटणीपत्र, बक्षीसपत्र, मृत्युपत्र आणि फेरफार नोंदी यांतून सिद्ध होते. म्हणून ही कागदे कायम ठेवावीत. ताजा सातबारा डिजिटल स्वाक्षरीसह ऑनलाइन मिळतो, पण संगणकीकरणापूर्वीचा हस्तलिखित उतारा टाकू नये. नाव किंवा क्षेत्र चुकीचे चढले असल्यास दुरुस्तीच्या अर्जासोबत तोच जोडावा लागतो. नगर परिषद हद्दीतील मिळकतीसाठी विदर्भात 'आखीव पत्रिका' हा शब्द रूढ आहे. घरकराची पावती मालकी ठरवत नाही. ताबा व वास्तव्य दाखवण्यास मात्र ती उपयोगी पडते. जमीन संपादित झालेल्या कुटुंबांनी निवाड्याची प्रत व प्रकल्पग्रस्त दाखला पुढच्या पिढीसाठीही राखावा.

तारण कर्ज फिटल्यावर मूळ कागद परत घेणे अनेकदा राहून जाते. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या निर्देशांनुसार वैयक्तिक कर्जदारांना ते पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे विलंब झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई देय आहे.

मुदतीची कागदे

मुदत कायदा, १९६३ नुसार पैशांच्या वसुलीच्या दाव्याला सामान्यतः ३ वर्षांची, तर स्थावर मालमत्तेच्या ताब्याच्या दाव्याला १२ वर्षांची मर्यादा आहे. उधारी-उसनवारीच्या पावत्यांना पहिला आकडा लागू पडतो. आयकर विवरणे व त्यांचे आधार ६ ते ७ वर्षे ठेवणे सुरक्षित होय. नियुक्तीपत्र आणि भविष्यनिर्वाह निधीचे तपशील मात्र निवृत्तिवेतन सुरू होईपर्यंत जपावेत. औद्योगिक वसाहतीत वारंवार कारखाना बदलणाऱ्या कामगारांच्या बाबतीत हे विशेष खरे आहे.

जतन

वाळवी, ओल आणि घड्या हे कागदाचे शत्रू. जुन्या दस्तावर लॅमिनेशन करू नये. ते काढताना कागद फाटतो, शिवाय शाई व शिक्क्याची तपासणी अवघड होते. सुती कापड, लोखंडी पेटी आणि विषयवार पाकिटे पुरेशी असतात. पाकिटावर आतील कागदांची यादी लिहिल्यास शोध सोपा होतो. थर्मल कागदावरील पावत्यांचा मजकूर उडून जातो, म्हणून त्यांची छायाप्रत काढावी.

डिजिलॉकर ही सेवा २०१५ मध्ये सुरू झाली. तीत संबंधित खात्याने स्वतः जारी केलेला दस्तऐवज मूळ प्रतीसमान मानला जातो. आपण स्कॅन करून चढवलेल्या प्रतीला तो दर्जा नाही. आधार क्रमांक वा सही असलेल्या जादा छायाप्रती रद्दीवाल्याला न देता फाडून नष्ट कराव्यात.