न बोलणाऱ्या पायांचं माप

गावच्या चर्मकाराकडे जोडा करायला टाकला की माप निम्मं हातानं आणि निम्मं तोंडानं ठरत असे. कागदावर पाय ठेवून कडेनं रेघ ओढायची, चवड्याला सुतळी गुंडाळायची. जोडा तयार झाल्यावर दोन पावलं चालून गिऱ्हाईक सांगे, अंगठा आवळतोय, टाच निसटतेय. कारागीर रापीनं थोडं काढी, फर्म्यावर चढवून सैल करी. पाय कितीही वाकडा असो, तो दुखणं सांगू शकला तर माप सापडे.

कुष्ठरोगानं नेमकी हीच सोय काढून घेतली.

नागपूरच्या पूर्वेला कुही, पुढे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली. धानाच्या या पट्ट्यात कुष्ठरोगाचं ठाणं जुनं आहे. जंतू मज्जातंतूंत शिरतो आणि तळवा बधिर होतो. रोवणीच्या दिवसांत बांधीत अनवाणी उतरलेल्या माणसाला काटा रुतल्याचं कळतच नाही. चपलेचंही तसंच. बेताच्या मापाची चप्पल पायात आहे की नाही हे जाणवत नाही, म्हणून असा माणूस घट्ट जोडच पसंत करतो आणि त्याच जोडानं जखमी होतो.

वर्ध्याजवळच्या नालवाडीत १९३०च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी मेलेल्या जनावरांचं कातडं कमावणारं चर्मालय चालवलं. तिथल्याच विनोबांच्या सहवासातून मनोहर दिवाण पुढे आले आणि १९३६मध्ये दत्तपूरचं कुष्ठधाम उभं राहिलं. चामड्याची विद्या आणि कुष्ठसेवा अशा शेजारी नांदत होत्या. तरीही बधिर पायाला कसलं पायताण हवं, हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं, कारण बोटं रोगामुळेच झडतात असा समज डॉक्टरांमध्येही होता.

तो समज खोडून काढण्यात १९४६मध्ये वेल्लोरला आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड यांचा मोठा वाटा. तळव्यावरचे व्रण एकाच जागी पुन्हापुन्हा पडणाऱ्या दाबानं होतात, हे त्यांनी दाखवून दिलं. दोष चालण्यात आणि वहाणेत निघाला, तेव्हा उपायही चर्मकाराच्या पाटावर शोधावा लागला. त्यातून मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल रूढ झाली. सरकारी दवाखान्यांत आज तिला सरळ एमसीआर चप्पल म्हणतात.

तिची घडण मोठी विचारपूर्वक केलेली आहे. आतला थर साधारण एक सेंटिमीटर जाडीचा मऊ रबराचा असतो. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत तो जवळजवळ निम्मा दबला पाहिजे. खालचा तळ मात्र कडक, बहुधा टायरचा, म्हणजे काटा आरपार जात नाही. खिळा एकही नाही. चर्मकाराच्या हातातली रोजची वस्तू इथे वर्ज्य, कारण वर आलेला खिळा या पायाला कळणार नाही. म्हणून सगळं काम शिलाईचं आणि चिकटवायचं. टाचेला मागून पट्टा लागतो, कारण दुबळ्या बोटांना चप्पल धरून ठेवता येत नाही.

माप घेण्याची रीतही पालटली. आधी डोळे मिटायला सांगून बॉलपेनच्या टोकानं तळव्यावर ठिकठिकाणी स्पर्श करतात आणि कुठे कळतं, कुठे नाही, ते टिपतात. शाईच्या जाळीदार रबरी पट्टीवर पाऊल टाकलं की जास्त दाबाच्या जागा कागदावर काळ्याकुट्ट उमटतात. वाकडी बोटं, आखूड झालेलं पाऊल, पट्टी बांधलेल्या जखमेची जाडी, असं सगळं धरून डावी आणि उजवी चप्पल वेगवेगळी कापावी लागते. कुष्ठरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून चपला मोफत मिळतात ही मोलाची सोय आहे. परंतु ठरावीक आकड्यांच्या चपला साध्या बधिर पायापुरत्याच. पाय विद्रूप झाला की साचा घेऊन हातानं बनवण्याला आजही पर्याय नाही, आणि तसा कारागीर तालुक्याच्या गावी क्वचितच भेटतो.

आणखी एक अडचण मापाच्या पलीकडची होती. ठरावीक रंगाची, ठरावीक घाटाची ती चप्पल दिसली की पाहणारा रोग ओळखे. लोक ती घरी ठेवून अनवाणी बाहेर पडत. त्यामुळे पुढे नेहमीच्या सँडलसारखे घाट आणि निरनिराळे रंग आणावे लागले.

नवा जोड दिला की पहिल्या दिवशी तो थोडाच वेळ घालायला सांगतात. मग काढून तळवा पाहायचा. कुठे लाली किंवा ऊब राहिली असेल तर जोड परत पाटावर जातो.