ईस्टर बेटाची माती

अंगावर लास असणे ही आपल्या घरांतून काळजीची गोष्ट समजली जात नाही. वडीलधारी मंडळी तर त्याला शुभलक्षणही ठरवतात. परंतु काही थोड्या मुलांच्या कातडीवर जन्मापासून किंवा बालपणी निळ्या-जांभळ्या मऊ गाठी उमटतात. बोटाने दाबली की गाठ चपटी होते, बोट काढले की रक्त भरून पुन्हा फुगते. वरच्या गाठी सहसा फार छळत नाहीत. घात होतो तो पोटात. तशाच गाठी आतड्यांत असतात आणि त्या थेंब थेंब पाझरतात. शौच काळी होते, मूल पांढरेफटक पडते, चार पायऱ्या चढताना धापा टाकते.

१८६० साली गॅस्कोयेन यांनी असा रोगी नोंदवला. पण रोगाला नाव मिळायला १९५८ साल उजाडले. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे डॉ. विल्यम बीन यांनी त्वचेवरील रक्तवाहिन्यांच्या विकारांवर ग्रंथ लिहिला, त्यात हा रोग वेगळा काढला. हाताला लागणाऱ्या रबरी स्पर्शावरून त्यांनी नाव दिले ‘ब्लू रबर ब्लेब नीव्हस’. हे गृहस्थ स्वतःच्या अंगठ्याचे नख किती वाढते याची नोंद पस्तीस वर्षे ठेवत होते! अशा माणसाच्या नजरेतून निळी गाठ सुटणार कशी?

नाव मिळाले, औषध मात्र नव्हते. रक्त चढवायचे, लोहाच्या गोळ्या द्यायच्या, दुर्बिणीतून दिसेल ती गाठ जाळायची किंवा बांधायची, आणि पुन्हा रक्त. बोस्टनच्या शल्यचिकित्सकांनी २००५ साली दहा रोग्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. एकेका रोग्याच्या पोटातून सरासरी १३७ गाठी काढल्या होत्या. बहुतेकांचा रक्तस्राव थांबला, हे खरे. पण अशी शस्त्रक्रिया किती जणांच्या वाट्याला येणार?

औषधाची गोष्ट तोवर भलतीकडेच सुरू होऊन गेली होती. १९६४ च्या अखेरीस कॅनडाची एक वैद्यकीय तुकडी पॅसिफिक महासागरातील ईस्टर बेटावर उतरली. तिथल्या मातीचे नमुने पुढे मॉन्ट्रियलच्या एका औषध कंपनीकडे गेले. बनारस हिंदू विद्यापीठात शिकलेले सुरेंद्रनाथ सहगल तिथे काम करीत. त्या मातीतील एका जंतूपासून त्यांनी व सहकाऱ्यांनी बुरशीनाशक द्रव्य वेगळे केले आणि बेटाच्या ‘रापा नुई’ या नावावरून त्याला रापामायसिन म्हटले. (ज्यांची माती, त्या बेटकऱ्यांची या कथेत फारशी कोणी आठवण काढत नाही.) हे द्रव्य शरीराची प्रतिकारशक्तीही दाबते असे दिसले. पुढे कंपनीने मॉन्ट्रियलची प्रयोगशाळा बंद करून काम गुंडाळले. सहगलांनी तो जंतू घरच्या फ्रीजमध्ये जपून ठेवला, वर ‘खाऊ नये’ अशी चिठ्ठी लावून! व्यवस्थापन बदलल्यावर त्यांनी पुन्हा तगादा लावला, आणि १९९९ साली मूत्रपिंड-रोपणासाठी अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली. सिरोलिमस ते हेच.

निळ्या गाठींशी त्याचा संबंध कळायला आणखी तेरा वर्षे लागली. २०१२ साली तुर्कस्तानच्या डॉक्टरांनी एका लहान मुलीला सिरोलिमस दिल्याचा वृत्तान्त छापला. गाठी आक्रसल्या आणि रक्तस्राव थांबला. कारण २०१७ साली उलगडले. रक्तवाहिन्यांच्या पेशींतील ‘टेक’ नावाच्या जनुकात बिघाड होतो आणि वाढीचा इशारा अखंड चालू राहतो. सिरोलिमस नेमका त्याच वाटेवर आडवा येतो. हा बिघाड सहसा आईबापांकडून आलेला नसतो, मुलाच्या स्वतःच्या शरीरात घडलेला असतो. तेव्हा कोणाच्या घराण्याला बोल लावण्याचे कारण नाही.

या औषधाने रोग मुळासकट जात नाही. तोंड येते, जंतुसंसर्गाचे भय राहते, रक्तातले प्रमाण वरचेवर तपासावे लागते, आणि गोळी थांबवली तर रक्तस्राव परतूही शकतो. तरी पूर्वी वरचेवर रक्त घ्यावे लागणाऱ्या कित्येक रोग्यांना आता ते क्वचितच लागते. सहगल २००३ साली वारले. आपल्या फ्रीजमधल्या जंतूचा हा उपयोग त्यांना कळला नाही.