पादचाऱ्याच्या जिवाचे मोल आणि रस्त्याचा जमाखर्च

उदगीरच्या दक्षिणेस, कर्नाटकाच्या सीमेलगत वसलेले देवणी हे गाव दूरवर ओळखले जाते ते तेथील गोवंशामुळे. गीर, डांगी व स्थानिक जनावरे यांच्या संकरातून सिद्ध झालेली ही जात दूध आणि ओढकाम या दोहोंस उपयोगी पडते. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैलाचे दात, बांधा व चाल पाहून किंमत ठरते. अजून किती वर्षे तो किती काम करील, याचाच तो अंदाज असतो. बाजाराला पायी निघालेल्या माणसाची किंमत मात्र कोणी करीत नाही, आणि करू नये अशीच आपली भावना असते. परंतु तोच माणूस वाहनाखाली सापडला म्हणजे कायद्याला ती करावीच लागते. आणि तिची रीतही बाजारातल्या रीतीहून फारशी निराळी नाही. ही रीत कशी घडली, आणि रस्त्याच्या बांधणीवर तिचा परिणाम का झाला नाही, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

इंग्लंडच्या जुन्या न्यायपद्धतीत जखमी माणसाला भरपाई मागता येई. पण तो मेला तर त्याच्या कुटुंबाला काहीही मागता येत नसे. रेल्वेच्या अपघातांनी ही विसंगती उघडी पाडली, आणि १८४६ च्या कायद्याने मृताच्या आश्रितांना दावा करण्याचा अधिकार दिला. त्याच धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ चा प्राणांतिक अपघात कायदा झाला. जीव गेल्याचे दुःख त्याने मोजले नाही. पत्नी, पती, आईबाप व मुले यांचा जो आर्थिक आधार तुटला, तेवढाच मोजला. पुढे १९३९ चा मोटार वाहन कायदा आला, आणि तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा १९४६ पासून सक्तीचा झाला. या तिऱ्हाइतांमध्ये पादचारी हा प्रमुख होय.

देवणीच्या परिसराला हे सर्व उशिरा मिळाले. उदगीर तालुका तेव्हा हैदराबाद संस्थानाच्या बीदर जिल्ह्यात होता, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे आपोआप लागू होत नसत. १९४८ साली संस्थान भारतात सामील झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात आले. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन अपघातांच्या दाव्यांसाठी स्वतंत्र न्यायाधिकरणांची तरतूद झाली. १९८२ साली लातूर जिल्हा निर्माण झाला. त्याच साली चालकाचा दोष सिद्ध न करताही मृताच्या वारसांना १५ हजार रुपये देण्याचे तत्त्व कायद्यात आले.

भरपाईच्या गणिताला स्थिर रूप आले ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा खटल्यातील निकालाने. मृताचे वार्षिक उत्पन्न घ्यावे, त्यातून त्याचा स्वतःचा खर्च वजा करावा, आणि उरलेल्या रकमेस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावे, अशी ही रीत आहे. उदाहरणादाखल ३८ वर्षांचा, महिना ६ हजार रुपये मिळविणारा आणि चार आश्रित असलेला शेतमजूर घेऊ. वर्षाचे ७२ हजार, त्यातून चौथा हिस्सा वजा जाता ५४ हजार, आणि गुणक १५. म्हणजे इतर वाढी सोडून ८ लक्ष १० हजार. त्याच वयाचा व तेवढेच आश्रित असलेला, पण महिना ६० हजार मिळविणारा गृहस्थ त्याच जागी मेला तर हाच आकडा ८१ लक्ष होतो. पासष्टी ओलांडलेल्या वृद्धाचा गुणक अवघा ५ आहे. रस्ता तोच, वाहन तेच. मोल मात्र दसपट कमी वा अधिक.

ही उणीव न्यायालयांच्या ध्यानात आली नाही असे नव्हे. जमशेदपूरच्या १९८९ मधील अग्निकांडासंबंधीच्या २००१ च्या निकालात गृहिणीच्या श्रमाचे मूल्य महिना ३ हजार रुपये धरले गेले. अर्थशास्त्रातही १९६८ साली थॉमस शेलिंग यांनी प्रश्नच बदलला. गेलेल्या माणसाची मिळकत मोजण्यापेक्षा, मृत्यूचा लहानसा धोका आणखी कमी व्हावा म्हणून लोक किती खर्च करावयास तयार आहेत, हे पाहावे असे त्यांनी सुचविले. याही रीतीने गरिबाच्या खिशाची मर्यादा आड येतेच. म्हणूनच ब्रिटनसारख्या देशात रस्त्यांची योजना करताना गरीब-श्रीमंत असा भेद न करता सर्वांसाठी एकच राष्ट्रीय सरासरी मूल्य धरतात.

परंतु आमच्या मते खरा दोष मोजण्याच्या रीतीहूनही खोल आहे. अपघाताचा खर्च लिहिला जातो विमा कंपनीच्या व न्यायाधिकरणाच्या वहीत. रस्त्याचा खर्च लिहिला जातो बांधकाम खात्याच्या वहीत. या दोन वह्या एकमेकींस भेटत नाहीत. रस्ता रुंद केला की वाहनांचा वाचलेला वेळ आणि इंधन लाभ म्हणून दाखविता येतात. पदपथ गाळला म्हणून वाचलेले पैसे बचत म्हणून दिसतात. आणि पुढे जाणारा जीव कोणाच्याच अंदाजपत्रकात येत नाही. वेग ताशी ३० वरून ५० किलोमीटरवर गेला की वाहनाची गतिज ऊर्जा सुमारे पावणेतीनपट होते. हा वाढीव आघात पादचाऱ्याच्या देहावर पडतो. वेळेची बचत मात्र वाहनधारकाच्या पदरात पडते.

धडक देऊन वाहन पळून गेले तर दावा तरी कोणावर करावयाचा? अशा मृत्यूसाठी ठरविलेली २५ हजारांची रक्कम १९९४ पासून २०२२ पर्यंत, म्हणजे २८ वर्षे, तशीच राहिली. १ एप्रिल २०२२ पासून ती २ लक्ष झाली. त्याच २०२२ या वर्षी भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होते.

२०१९ च्या दुरुस्तीने सदोष रचनेबद्दल रस्ता बांधणाऱ्यास व त्याची देखभाल करणाऱ्यास १ लक्ष रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. दोन वह्यांमधला हा पहिला दुवा म्हणावयास हरकत नाही. पण वर काढलेल्या ८ लक्ष १० हजारांशी ताडून पाहता तो किती क्षीण आहे हे दिसते. देवणीसारख्या तालुक्याच्या गावी रस्त्याचे अंदाजपत्रक करताना पदपथ, उंचवट्याचे पादचारी ओलांडणे आणि बाजाराच्या हद्दीत वेगाला आळा यांचा खर्च लिहावा, आणि त्यापुढे वाचणाऱ्या जिवांचे मोल एकाच राष्ट्रीय मापाने लिहावे. तसे केले तरच मजुराचा जीव वाचविणे हे दयेचे काम न राहता जमाखर्चातली एक रास्त नोंद ठरेल.