बळ आणि हेतु : प्रो. जॉन रगी यांचें कार्य

‘बळी तो कान पिळी’ ही म्हण मराठी माणसास लहानपणापासून पाठ असते. राष्ट्राराष्ट्रांचा व्यवहारही याच न्यायानें चालतो, असें मानणारा एक मोठा पंडितवर्ग पाश्चात्य विद्यापीठांत आहे. त्यांच्या मतास वास्तववाद असें म्हणतात. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, जगावर राजा नाहीं, न्यायाधीश नाहीं, शिपाई नाहीं. तेव्हां प्रत्येक राष्ट्रानें आपलें बळ वाढवावें आणि दुसऱ्याच्या बळावर नजर ठेवावी, हीच जगाची रीत. हें म्हणणें सर्वस्वीं खोटें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु बळी कान पिळतो हें खरें धरलें, तरी तो कशासाठीं पिळतो, किती पिळतो, आणि एखादे वेळीं आपला हात आखडता कां घेतो, या प्रश्नांचें उत्तर त्या म्हणींत सांपडत नाहीं. हें उत्तर शोधण्यांत ज्यांनीं आपलें आयुष्य वेंचलें, त्यांपैकीं प्रो. जॉन जेरार्ड रगी हे एक होत.

रगी यांचा जन्म १८ ऑक्टोबर १९४४ रोजीं ऑस्ट्रिया देशांतील ग्राट्झ शहरीं झाला. दुसरें महायुद्ध तेव्हां चालूच होतें. युद्धानंतर १९५५ पर्यंत ऑस्ट्रियावर अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व रशिया या चार विजेत्या राष्ट्रांचा ताबा होता, आणि ग्राट्झ ब्रिटिशांकडील भागांत मोडत असे. १९५६ मध्यें रगी कॅनडांत आले. तेथील मॅक्मास्टर विद्यापीठाची पदवी त्यांनीं १९६७ मध्यें घेतली, आणि पुढें अमेरिकेंतील बर्कली येथें शिकून १९७४ मध्यें डॉक्टरेट मिळविली. बर्कली, कोलंबिया व सॅन डिएगो येथें त्यांनीं अध्यापन केलें. १९९१ ते १९९६ या काळांत कोलंबिया विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय व्यवहार विद्यालयाचे ते प्रमुख होते.

त्यांच्या जन्माच्या तीनच महिने आधीं अमेरिकेंतील ब्रेटन वुड्स येथें ४४ राष्ट्रांचे प्रतिनिधि जमले होते. युद्धोत्तर जगाच्या नाणेव्यवहाराची घडी बसविणें हें त्या परिषदेचें काम होतें. आंतरराष्ट्रीय नाणेनिधि व जागतिक बँक या संस्थांची योजना तेथेंच ठरली. त्याच १९४४ सालीं, व्हिएन्नांत जन्मलेले अर्थेतिहासकार कार्ल पोलान्यी यांचा ‘द ग्रेट ट्रान्सफॉर्मेशन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बाजार समाजापासून तोडून मोकाट सोडला कीं समाजाची घडी विसकटते, आणि मग समाज स्वसंरक्षणासाठीं त्यावर उलटतो, हा त्या ग्रंथाचा गाभा होय. १९८२ मध्यें ज्या निबंधानें रगी यांचें नांव झालें, त्यांत त्यांनीं या दोन गोष्टींची सांगड घातली.

त्या वेळीं अनेक विद्वानांचें मत असें होतें कीं, महायुद्धानंतर खुला व्यापार नांदला तो अमेरिकेच्या बळामुळें. रगी यांनीं या मताची एका साध्या प्रश्नानें परीक्षा केली. युद्ध जर्मनीनें जिंकलें असतें, आणि तेंच बळ नाझी राजवटीच्या हातीं गेलें असतें, तर जगाचा व्यापार याच वळणानें गेला असता काय? गेला नसता, हें उघड आहे. यावरून त्यांनीं असें अनुमान काढलें कीं, एखादी व्यवस्था उभी राहील कीं नाहीं हें बळावरून सांगतां येईल. परंतु तिचें रूप कसें असेल हें जाणण्यास त्या बळामागील सामाजिक हेतु पाहिला पाहिजे. १९२९ नंतरच्या मंदींत कोट्यवधि लोक बेकार झाले होते. चलनाची सोन्याशीं घातलेली गांठ सांभाळण्याच्या हट्टापायीं सरकारें आपल्याच प्रजेच्या पोटावर पाय देत होतीं. त्या अनुभवानें शहाण्या झालेल्या राष्ट्रांनीं मधला मार्ग काढला: व्यापाराचीं दारें उघडावीं, पण आपल्या घरांत रोजगार व स्थैर्य राखण्याची मोकळीक प्रत्येक सरकारास असावी. या तडजोडीस रगी यांनीं दिलेल्या नांवाचा अर्थ ‘समाजांत रोवलेला उदारमतवाद’ असा होतो. ही तडजोड मोडली तर लोक खुल्या व्यापारावर उलटतील, हें त्यांच्या विवेचनांतून ओघानेंच निघतें.

वास्तववादाचे मोठे आचार्य केनेथ वॉल्ट्झ यांचा ग्रंथ १९७९ मध्यें निघाला होता. १९८३ मध्यें रगी यांनीं त्यावर टीका केली. मध्ययुगीन युरोपांत एकाच भूमीवर राजा, सरदार, धर्मपीठ व सम्राट अशा अनेकांचे हक्क एकमेकांत गुंतलेले असत. पुढें त्यांतून आंखीव सीमांचीं सार्वभौम राज्यें निघालीं. जगाच्या इतिहासांतील हें केवढें स्थित्यंतर! परंतु ज्या सिद्धान्तांत केवळ बळाचा हिशेब आहे, त्यांत तें कोठेंच दिसत नाहीं, असा रगी यांचा आक्षेप होता.

या विचारसरणीस पुढें रचनावाद हें नांव मिळालें. निकोलस ओनफ, फ्रीड्रिख क्राटोख्विल, अलेक्झांडर वेंट इत्यादि विद्वानांनीं ती वाढविली. तिचें मर्म बुद्धिबळाच्या पटावरून ध्यानांत येईल. रस्त्याच्या डाव्या बाजूनें चालावें, हा नियम नव्हता तेव्हांही रस्ता होता आणि वाहनेंही होतीं; नियमानें त्यांना शिस्त लागली, इतकेंच. परंतु उंटानें तिरपें चालावें हा नियम काढून टाकला, तर उंटच उरत नाहीं. हातीं राहतो तो लाकडाचा तुकडा. सार्वभौम राज्य ही वस्तु या दुसऱ्या प्रकारची आहे. इतर राज्यें तिला राज्य म्हणून मानतात, आणि त्या मान्यतेबरोबर कांहीं हक्क व कांहीं बंधनें येतात. माणसांच्या परस्परमान्यतेनें जें रचलें गेलें, तें त्याच मान्यतेनें पालटूंही शकतें, असें या पंथाचें सांगणें आहे.

पंडितांचीं मतें बहुधा ग्रंथांतच राहतात. रगी यांना मात्र आपलें मत व्यवहारांत कसास लावण्याची संधि मिळाली. १९९७ मध्यें संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनीं त्यांना साहाय्यक सरचिटणीस नेमलें, आणि २००१ पर्यंत त्यांनीं तें काम पाहिलें. मोठ्या कंपन्यांनीं मानवी हक्क, कामगार व पर्यावरण यांविषयीं कांहीं तत्त्वें स्वेच्छेनें मान्य करावीं, अशी ‘ग्लोबल कॉम्पॅक्ट’ नांवाची योजना २००० मध्यें सुरू झाली. तिच्या रचनेंत रगी यांचा प्रमुख भाग होता. नंतर ते हार्वर्डला प्राध्यापक झाले. परंतु २००५ मध्यें अन्नान यांनीं त्यांना पुनः बोलावून उद्योगधंदे व मानवी हक्क या विषयाचे विशेष प्रतिनिधि नेमलें.

हा विषय किती निकडीचा आहे, हें भारतीयांस निराळें सांगावयास नको. २ डिसेंबर १९८४ च्या रात्रीं भोपाळ येथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यांतून विषारी वायु सुटला आणि हजारों माणसें प्राणांस मुकलीं. कारखाना येथें, मूळ कंपनी अमेरिकेंत. अमेरिकेच्या न्यायालयानें १९८६ मध्यें ठरविलें कीं, खटला भारतांतच चालावा. आणि १९८९ मध्यें भारताच्या सर्वोच्च न्यायालयांत ४७ कोटि डॉलरांवर तडजोड झाली. कंपनीचे हात अनेक देशांत पोंचतात, कायद्याचा हात मात्र सीमेपाशीं थांबतो. रगी यांनीं आपल्या २०१३ च्या ‘जस्ट बिझनेस’ या ग्रंथांत ज्या प्रकरणांचा विचार केला आहे, त्यांत भोपाळही आहे.

सक्तीचा आंतरराष्ट्रीय कायदा करून ही दरी बुजवावी, असें मानवी हक्कांसाठीं झटणाऱ्या पुष्कळ संस्थांचें मत होतें. पण कंपन्यांसाठीं आचारसंहिता करण्याचा राष्ट्रसंघाचा जुना प्रयत्न १९९२ मध्यें निष्फळ म्हणून सोडून द्यावा लागला होता, आणि २००३ चा नवा मसुदा पुढच्याच वर्षीं अडला होता. रगी यांनीं दुसरी वाट धरली. निरनिराळ्या खंडांत सभा भरवून त्यांनीं सरकारें, कंपन्या, कामगार व पीडित लोक यांचें म्हणणें ऐकलें, आणि २००८ मध्यें तीन खांबांची मांडणी पुढें ठेविली: नागरिकांच्या हक्कांचें रक्षण करणें हें राज्याचें कर्तव्य, त्या हक्कांचा आदर राखणें ही कंपनीची जबाबदारी, आणि ज्यांची हानि झाली त्यांना दाद मिळालीच पाहिजे. आपल्या उद्योगामुळें कोणाच्या हक्कांवर घाला पडतो काय, हें कंपनीनें आधींच शोधून तो टाळावा, अशी अपेक्षा दुसऱ्या खांबांत आहे. या पायावर रचलेलीं ३१ मार्गदर्शक तत्त्वें मानवी हक्क परिषदेनें १६ जून २०११ रोजीं एकमतानें मान्य केलीं.

टीकाकारांचें समाधान झालें नाहीं. ज्या नियमामागें शिक्षा नाहीं, तो नियम कसला, असा त्यांचा सवाल होता. २०१४ मध्यें एक्वाडोर व दक्षिण आफ्रिका यांनीं सक्तीच्या कराराची वाटाघाट सुरू करण्याचा ठराव त्याच परिषदेंत आणला, तो २० विरुद्ध १४ मतांनीं संमत झाला; १३ राष्ट्रें तटस्थ राहिलीं. भारतानें ठरावाच्या बाजूनें मत दिलें. रगी यांचा करारास सरसकट विरोध नव्हता. पण सर्व हक्क व सर्व उद्योग एकाच करारांत कोंबण्याऐवजीं तो अत्यंत घोर अपराधांपुरता असावा, असें त्यांचें मत होतें. भोपाळसारखें संकट ज्यांच्यावर कोसळलें त्यांना हा धीमेपणा असह्य वाटला, तर त्यांत नवल नाहीं. आणि तिन्ही खांबांत दाद मिळण्याचा खांब सर्वांत कच्चा राहिला, हेंही मान्य केलें पाहिजे.

तथापि पुढील इतिहास सर्वस्वीं टीकाकारांच्या बाजूचा नाहीं. कंपन्यांनीं आधींच दक्षता घ्यावी ही जी केवळ अपेक्षा होती, तिला फ्रान्सनें २०१७ मध्यें आणि जर्मनीनें २०२१ मध्यें कायद्याचें रूप दिलें. भारत सरकारनें २०१९ मध्यें जबाबदार उद्योगाविषयीं मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलीं, त्यांतही या तत्त्वांचा आधार आहे. युरोपीय संघानें २०२४ मध्यें आपला निर्बंध केला. पण २०२५ मध्यें तोच सौम्य करण्याची सूचना युरोपीय आयोगानें मांडली. मान्यतेनें उभें राहिलेलें मान्यता ढळली कीं खचूं लागतें, ही रचनावादाची दुसरी बाजूही याप्रमाणें दिसून आली.

हा शेवटला भाग पाहण्यास रगी नव्हते. १६ सप्टेंबर २०२१ रोजीं, वयाच्या ७६ व्या वर्षीं ते निवर्तले. ‘बळी तो कान पिळी’ ही म्हण त्यांनीं खोटी पाडली, असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या कंपन्या पूर्वीं हा प्रश्न आमचा नव्हेच असें सांगून मोकळ्या होत, त्यांना २०११ नंतर तसें म्हणणें अवघड झालें. कान पिळणाऱ्यास जाब विचारण्याची एक रीत जगानें मान्य केली. ती चालविणें हें मात्र मागें राहिलेल्यांचें काम आहे.