एका पौंडाला विकलेला क्लब

इंग्लंडचा फुटबॉल म्हटला की आपल्याकडची पोरं मँचेस्टर, लिव्हरपूल, आर्सेनलचे टी-शर्ट घालून फिरतात. मला त्यात फार रस नाही. मी बघतो ते खालचे विभाग, म्हणजे तालुक्याएवढ्या गावांचे क्लब. पोस्ट जरा लांबलीय, पण वाचा. गोष्ट पुण्यापर्यंत येते.

फुटबॉल लीग सुरू झाली १८८८ ला, बारा क्लबांची. कल्पना ॲस्टन व्हिलाच्या विल्यम मॅकग्रेगर यांची. माणूस कापड दुकानदार. बारातले सहा क्लब एकट्या लँकेशायरचे होते, म्हणजे कापड गिरण्यांच्या मुलुखातले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिथला कापूस बंद झाला, तेव्हा याच मुलुखाला आपल्या वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईहून जायचा. गिरणीतला कामगार शनिवारी दुपारी सुटला की मॅचला. पुढे दुसरा विभाग आला १८९२ ला, तिसरा १९२० ला, चौथा १९५८ ला. आज वरून खालपर्यंत ९२ क्लब आहेत.

आता खरी गंमत ऐका. १९८६ पर्यंत सगळ्यात खालच्या विभागातून बाहेर पडणं किंवा बाहेरून आत येणं हे मैदानावर ठरत नव्हतं, मतदानाने ठरायचं! तळाच्या चार क्लबांनी दरवर्षी सभेत हात जोडून उभं राहायचं. वरच्या दोन विभागांतल्या प्रत्येक क्लबाला एक मत, आणि खालच्या सगळ्यांना मिळून चार. सोसायटीच्या निवडणुका पाहिलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. ओळखी चालायच्या. हार्टलपूल १४ वेळा दारात उभा राहिला आणि १४ वेळा वाचला. गेट्सहेड १९६० ला तळापासून तिसरा होता, तरी मतं त्याच्याच विरोधात पडली. उत्तरेच्या टोकाला जायचा प्रवासखर्च वरच्यांना नकोसा होता, हेही त्यात होतंच. बॅरो १९७२ ला बाहेर गेला, तो परत यायला २०२० उजाडलं.

ॲक्रिंग्टन स्टॅन्लीचं तर मतदानापर्यंतही गेलं नाही. मार्च १९६२, मोसम अर्धा-अधिक झालेला, डोक्यावर कर्ज. क्लबाने राजीनामा पाठवला, मग मदतीची आशा दिसली म्हणून मागे घ्यायला निघाले, तर लीगने नाही म्हटलं. खेळलेले ३३ सामने नोंदीतून पुसले. त्यांच्या जागी ऑक्सफर्ड युनायटेडला घेतलं. गावाने १९६८ ला नवा क्लब काढला आणि २००६ ला तो लीगमध्ये परत आला. त्याच वर्षी ऑक्सफर्ड खाली पडलं.

१९८७ पासून मतदान बंद झालं, मैदानावरचा निकाल लागू झाला. बरं झालं. पण १९९२ ला वरचे २२ क्लब प्रीमियर लीग काढून वेगळे झाले आणि टीव्हीचा मोठा पैसा वरच अडकला. वर जायची घाई, म्हणून मिळकतीपेक्षा जास्त पगार, म्हणून कर्ज, म्हणून मग कोणीतरी 'तारणहार' मालक.

बरीचं हेच झालं. मँचेस्टरच्या लगतचं गाव, क्लब १८८५ चा. १९०३ च्या एफए कप फायनलमध्ये डर्बीला ६-० ने हरवलं. त्या विक्रमाची बरोबरी मँचेस्टर सिटीने केली ती थेट मे २०१९ मध्ये. आणि त्याच वर्षी बरी संपला. डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला क्लब विकला गेला. खेळाडूंचे पगार थकले, तरी पोरांनी संघ वरच्या विभागात नेला! २७ ऑगस्ट २०१९ ला शेकडो लोक झाडू घेऊन गिग लेन मैदान साफ करत होते, पुढचा सामना होईल या आशेवर. एका माजी संचालिकेने त्याआधी स्वतःला स्टेडियमच्या पाइपाला बेडी घालून घेतली होती. रात्री लीगने क्लब काढून टाकला. १२५ वर्षांची सोबत.

आता पुणे. बारा संस्थापकांपैकी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकीजने विकत घेतला. महिन्याभरात मॅनेजर सॅम ॲलरडाइस यांना काढलं. २०१२ ला प्रीमियर लीगमधून घसरले; त्या मे महिन्यात प्रेक्षकांनी मैदानात क्लबाचं फडकं गुंडाळलेली जिवंत कोंबडी सोडली. १९९५ चा विजेता २०१७ ला तिसऱ्या विभागात, पुढच्या वर्षी परत वर. मालकांनी पैसा ओतला हे खरं आहे. पण माझ्या मते लोकांचा राग पैशावरून नव्हताच. आपल्या गावाचे निर्णय आपल्याला न विचारता लांब कुठेतरी होतात, यावरून होता.

बरीनंतर सरकारला जाग आली. २०२१ ला खासदार ट्रेसी क्राउच यांच्या समितीने अहवाल दिला आणि जुलै २०२५ ला कायदा झाला. आता क्लबांना परवाना लागणार, मालकाची तपासणी होणार, मैदान परस्पर विकता येणार नाही.

बरी २०२३ पासून पुन्हा गिग लेनवर खेळतोय. लीगच्या बरंच खाली.